शुगर आणि वजनाची हार्मोनवर बेतलेली औषधं: मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही पानं लिराग्लुटाइड, सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइड या तीन औषधांबद्दल आहेत. औषध चांगलं आहे. त्रास होतो तो बहुतेक वेळा घाईने, सोबतच्या गोळ्या तशाच चालू ठेवल्याने आणि उन्हाळ्यात औषध नीट न सांभाळल्याने. म्हणून त्या भागांवर इथे जास्त लिहिलं आहे. सुरू करायचं का, किती घ्यायचं, हे मात्र तुमची तपासणी केलेल्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

१. "हार्मोनचं इंजेक्शन" म्हणजे काय? स्टिरॉइड तर नाही ना?

नाही, स्टिरॉइडशी याचा काही संबंध नाही. जेवण आतड्यात उतरलं की आतड्यातल्या पेशी जीएलपी-१ नावाचं हार्मोन रक्तात सोडतात. साखर वाढलेली असेल तर ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, साखर वाढवणाऱ्या ग्लुकागॉनला आवरतं, जठर सावकाश रिकामं होऊ देतं आणि मेंदूला "पोट भरलं" असा निरोप देतं. शरीरातलं हे हार्मोन एक-दोन मिनिटांत निकामी होतं. ही औषधं म्हणजे त्याची टिकाऊ नक्कल. लिराग्लुटाइड रोज घ्यावं लागतं, सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन आठवड्यातून एकदा. टिर्झेपटाइडही आठवड्याचंच, पण ते जीआयपी नावाच्या आतड्यातल्या आणखी एका हार्मोनचंही काम करतं. या जातीचं पहिलं औषध, एक्सेनाटाइड, अमेरिकेत २००५ मध्ये मंजूर झालं. गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेत सापडलेल्या पदार्थावरून ते तयार केलं होतं.

२. मग हे इन्सुलिनच झालं की!

नाही. इन्सुलिन बाहेरून दिलं की साखर कितीही असो, ते ती खाली आणतं. ही औषधं साखर चढलेली असेल तेव्हाच स्वादुपिंडाला कामाला लावतात. म्हणून एकटी घेतली तर साखर फार खाली जाण्याची भीती कमी असते. इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी प्रश्न १६ आणि १८ आधी वाचावेत.

३. दुकानात वेगवेगळी नावं सांगतात. कोणतं काय आहे?

ओझेम्पिक, वेगोव्ही आणि रायबेल्सस या तिन्हींत सेमाग्लुटाइडच आहे. ओझेम्पिक मधुमेहासाठी आणि वेगोव्ही वजनासाठी, दोन्ही इंजेक्शनं. रायबेल्सस ही मधुमेहाची गोळी. मौंजारो म्हणजे टिर्झेपटाइड, व्हिक्टोझा म्हणजे लिराग्लुटाइड. आता भारतीय कंपन्यांचं सेमाग्लुटाइडही आहे, त्याची नावं आणखी वेगळी. म्हणून खोक्यावरच्या मोठ्या नावाखाली बारीक अक्षरात लिहिलेलं औषधाचं नाव वाचायची सवय लावा. एकाच वेळी दोन डॉक्टरांकडून दोन नावांनी एकच औषध घरात आलं, तर डोस दुप्पट होतो.

४. फरक किती पडतो? खरं सांगा.

मधुमेह नसलेल्या लठ्ठ लोकांवरच्या मोठ्या चाचणीत सेमाग्लुटाइड २.४ मि.ग्रॅ.ने ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं, तर नुसत्या दिखाऊ इंजेक्शनवर असलेल्यांचं २.४ टक्के. टिर्झेपटाइड १५ मि.ग्रॅ.ने ७२ आठवड्यांत सरासरी २०.९ टक्के उतरलं. दोन्ही गटांना आहार-व्यायामाचा सल्ला होताच. मधुमेह असलेल्यांमध्ये आकडा कमी येतो. सेमाग्लुटाइड २.४ च्या अशा चाचणीत तो ९.६ टक्के होता. त्यामुळे शेजारणीचं १२ किलो उतरलं आणि माझं ६ च, याचा अर्थ औषध बनावट आहे असा होत नाही.

वजनापलीकडचा फायदा आम्हाला जास्त मोलाचा वाटतो. हृदयविकार आणि जास्त वजन असलेल्या, पण मधुमेह नसलेल्या १७,६०४ लोकांच्या चाचणीत सेमाग्लुटाइडने हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी घटलं. तिचे निकाल २०२३ मध्ये आले. मधुमेहाने किडनी खराब झालेल्यांवरच्या सेमाग्लुटाइडच्या चाचणीत किडनीचे गंभीर परिणाम आणि हृदयविकाराने मृत्यू मिळून २४ टक्क्यांनी कमी झाले. ही चाचणी फायदा स्पष्ट दिसल्यामुळे मुदतीआधीच थांबवली गेली.

५. माझं वजन ७७ किलो आहे. मला मिळेल का?

नुसत्या वजनावरून ठरत नाही. उंची मीटरमध्ये घ्या, तिला तिनेच गुणा आणि वजनाला त्या आकड्याने भागा. हा झाला बीएमआय. उंची १६० सें.मी. आणि वजन ७७ किलो असेल तर १.६ गुणिले १.६ म्हणजे २.५६, आणि ७७ भागिले २.५६ म्हणजे ३०. वजन कमी करण्यासाठी हे औषध बीएमआय ३० किंवा जास्त असेल तर देतात. २७ किंवा जास्त असून सोबत मधुमेह, बीपी, कोलेस्टेरॉल किंवा झोपेत श्वास अडकण्याचा आजार असेल तरीही देतात. टाइप २ मधुमेहासाठी निकष वेगळा असतो. तिथे एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), हृदय आणि किडनी पाहिली जाते.

आपल्याकडे हातपाय बारीक आणि पोट सुटलेलं अशी माणसं फार. कंबर पुरुषांची ९० सें.मी.च्या आणि बाईची ८० सें.मी.च्या वर असेल, तर वजनकाटा काहीही सांगो, शुगर तपासून घ्या. लग्नाआधी पाच किलो उतरवायचे म्हणून हे औषध नाही.

६. कोणी घेऊच नये?

स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कॅन्सर झालेला असेल, किंवा घराण्यात मेन-२ नावाचा आनुवंशिक आजार असेल, त्यांनी घेऊ नये. उंदरांमध्ये या औषधांनी थायरॉइडच्या गाठी झाल्या होत्या, म्हणून ही मनाई. थायरॉइडची रोजची गोळी चालू आहे, एवढ्यावरून मात्र अडत नाही (गोळीच्या वेळेसाठी प्रश्न २२). टाइप १ मधुमेहात हे इन्सुलिनच्या जागी चालत नाही. स्वादुपिंडाला पूर्वी सूज आलेली असेल किंवा जठर मुळातच फार संथ असेल, तर डॉक्टर बहुधा दुसरा मार्ग काढतात. गरोदरपणासाठी प्रश्न २३ पाहा.

७. थेट मोठा डोस घेतला तर लवकर उतरेल ना?

लवकर उलट्या होतील. पोट आणि मेंदू यांना औषधाची सवय व्हायला आठवडे लागतात, म्हणून पायरीपायरीने चढतात. ओझेम्पिक ०.२५ मि.ग्रॅ.ने सुरू होतं, चार आठवड्यांनी ०.५ आणि गरज असेल तर पुढे १ व २. वेगोव्हीच्या पायऱ्या ०.२५, ०.५, १, १.७ आणि २.४, प्रत्येकी चार आठवडे. टिर्झेपटाइड २.५ ने सुरू होतं, चार आठवड्यांनी ५, आणि पुढे दर वेळी २.५ ने वाढवत जास्तीत जास्त १५. लिराग्लुटाइड रोज ०.६, मग आठवड्याने वाढ. पहिल्या महिन्याचा डोस सवयीसाठी असतो, त्यात वजन फारसं हललं नाही तर निराश होऊ नका. एखाद्या पायरीवर त्रास होत असेल तर तिथेच आणखी महिनाभर थांबता येतं. आणि छोट्या डोसवरच साखर व वजन नीट येत असेल, तर वर चढायची सक्ती कुणाचीही नाही.

८. पेन (औषध आधीच भरलेलं टोचायचं साधन) नाही, कुपी आणि इन्सुलिनची सिरिंज मिळाली आहे. किती ओढायचं?

हा प्रश्न आम्हाला सगळ्यात धोक्याचा वाटतो. टिर्झेपटाइडची एका डोसची कुपी ०.५ मि.ली.ची असते आणि ती पूर्ण घ्यायची असते. पण आपल्याकडे इन्सुलिनच्या दोन सिरिंजा मिळतात. लाल टोपणाची ४० ची, नारिंगी टोपणाची १०० ची. ०.५ मि.ली. म्हणजे ४० च्या सिरिंजवर २० ची रेघ आणि १०० च्या सिरिंजवर ५० ची रेघ. "वीसपर्यंत ओढा" असं कुणीतरी सांगितलं आणि हातात नारिंगी टोपणाची सिरिंज असली, तर निम्म्याहून कमी औषध जातं. म्हणून रेघ विचारू नका, मि.ली. विचारा आणि सिरिंज दुकानदाराकडून कुपीबरोबर जुळवून घ्या. पहिलं इंजेक्शन दवाखान्यात, नर्ससमोर स्वतःच्या हाताने घ्या. एका डोसच्या कुपीत थेंबभर उरलं तर पुढच्या आठवड्यासाठी ठेवू नका.

९. पेन टोचायची बरोबर पद्धत कोणती?

पेन फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवा, गार औषध जास्त झोंबतं. औषध पाण्यासारखं स्वच्छ दिसलं पाहिजे. गढूळ किंवा कणीदार असेल तर वापरू नका. प्रत्येक वेळी नवी सुई लावा. नव्या पेनमधून आधी थेंब बाहेर येतो का ते खोक्यातल्या माहितीपत्रकाप्रमाणे पाहा. जागा पोटावर बेंबीपासून चार बोटं लांब, नाहीतर मांडीची पुढची बाजू. दर आठवड्याला जागा बदला. सुई सरळ आत घाला, बटण पूर्ण दाबा आणि दहापर्यंत मोजूनच बाहेर काढा. लगेच काढली तर सुईच्या टोकावरून औषध त्वचेवर ओघळतं. तो डोस कमीच गेलेला असतो. वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या डब्यात टाका. कचऱ्यात मोकळी टाकलेली सुई सफाई कामगाराच्या हातात घुसते.

१०. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२ वर जातो आणि लाईटही जाते. औषध कसं ठेवायचं?

न उघडलेलं औषध २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा. फ्रीझरजवळ किंवा मागच्या भिंतीला टेकवून नाही. एकदा गोठलेलं औषध वितळल्यावर छान दिसलं तरी फेकायचं. लाईट गेली की फ्रिज उघडू नका. बंद फ्रिज साधारण चार तास गारवा धरतो.

उघडलेलं पेन ३० अंशांच्या आत काही आठवडे बाहेर चालतं. किती, ते औषधागणिक वेगळं. एका डोसच्या टिर्झेपटाइडला २१ दिवसांची मुभा आहे. पत्र्याच्या घरात दुपारी ३० अंश कुठून मिळणार? तिथे माठ कामी येतो. मोठ्या माठाच्या तळाशी ओली वाळू घाला, वाळूवर छोटं मडकं ठेवा, दोघांमधल्या फटीतही ओली वाळू भरा आणि वरून ओलं सुती फडकं टाका. पेन घट्ट झाकणाच्या कोरड्या डबीत घालून आतल्या मडक्यात ठेवायचं. वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं. आपला उन्हाळा कोरडा असल्याने पाणी भराभर उडतं आणि आत चांगला गारवा राहतो. एक साधा थर्मामीटर आत ठेवून खात्री करा. पावसाळ्यात दमट हवेमुळे ही युक्ती लंगडी पडते. आणि चार महिन्यांचा साठा माठात ठेवायचा नाही, तिथे फक्त चालू पेन.

एसटीने लातूरहून संभाजीनगरला नेताना पेन रुमालात गुंडाळून रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये ठेवा. बर्फ थेट टेकू देऊ नका. मोटारसायकलची डिकी आणि उभ्या गाडीचा डॅशबोर्ड या दोन जागा औषध मारून टाकतात. तापलेलं औषध बहुधा दिसायला जसंच्या तसं असतं, काम मात्र करत नाही. मे महिन्यात अचानक "औषध लागू पडेना" अशी तक्रार असेल तर हे आधी तपासा.

११. इंजेक्शनचा वार विसरला. आता?

ओझेम्पिक पाच दिवसांच्या आत आठवलं तर घ्या. त्याहून उशीर झाला तर तो डोस सोडा आणि पुढच्या ठरल्या वारी घ्या. टिर्झेपटाइडला ही मर्यादा चार दिवसांची. वेगोव्हीचा पुढचा डोस दोन दिवसांहून जास्त लांब असेल तरच चुकलेला घ्या. दोन डोस जोडून कधीच नाहीत. दोन-तीन आठवडे सलग चुकले असतील तर जुन्या मोठ्या डोसवर थेट परतू नका, डॉक्टरांना विचारा. बहुधा खालच्या पायरीपासून चढावं लागतं. वार लक्षात राहायला बाजाराचा दिवस धरावा.

१२. मळमळ आणि करपट ढेकरांनी जीव नकोसा झालाय. किती दिवस चालणार?

डोस सुरू करताना आणि वाढवताना मळमळ सगळ्यात जास्त असते. बहुतेकांची काही आठवड्यांत ओसरते. कारण साधं आहे. जठर सावकाश रिकामं होतं आणि आपण पूर्वीच्याच मापाने ताट वाढतो. निम्म्या भाकरीवर "पुरे" वाटलं तर तिथेच थांबा. आईने आग्रह केला म्हणून घेतलेला शेवटचा घासच बाहेर येतो. तळलेलं, तेलाची तर्री, रात्री दहाचं जेवण आणि जेवून लगेच आडवं होणं हे बंद करा. इंजेक्शननंतरचे दोन दिवस ठेचा आणि शेंगदाण्याचं कूट घातलेल्या भाज्या कमी ठेवा. लग्नाच्या पंगतीच्या आदल्या दिवशी डोस वाढवू नका. मेटफॉर्मिन चालू असेल तर तीही मळमळ वाढवते, तिची जेवणानंतर घ्यायची सावकाश विरघळणारी गोळी मिळते. ओकाऱ्या थांबत नसतील, पाणीही टिकत नसेल तर प्रश्न १५.

१३. भूकच लागत नाही. मग खायचं काय?

भूक गेली तरी प्रथिनांची गरज जात नाही. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही झिजतो, आणि त्याला अडवायला प्रथिनं आणि ताकदीचा व्यायाम हे दोनच उपाय आहेत. किडनी ठीक असेल तर दर किलोमागे दिवसाला निदान १ ग्रॅम धरा. ७० किलोला ७० ग्रॅम. आपल्या रोजच्या पानात ती कुठून येतील ते पाहा. एका अंड्यात ६, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत ७ ते ८, ३० ग्रॅम कोरड्या तुरीच्या डाळीत ६ ते ७, १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८, ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत सुमारे २५. सोयाबीन पिकवतो आपण, खात मात्र नाही. ज्वारीची भाकरी सोडायची गरज नाही, पण आधी घट्ट वरण, पिठलं, मटकीची उसळ किंवा अंडं खा आणि भाकरी शेवटी. बेसनाच्या पिठल्यात तेल मात्र चमच्याने मोजून. आठवड्यातून दोन-तीन दिवस खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला हात लावून जोर, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणं एवढं तरी करा. नुसतं चालल्याने स्नायू टिकत नाही.

१४. चार-चार दिवस पोट साफ होत नाही.

कमी खाणं आणि कमी पाणी, दोन्हीचा हा परिणाम. पाणी वाढवा, पालेभाजी व पेरू घ्या, रोज चाला. इसबगोल घ्यायचं तर पेलाभर पाण्यात आणि वर आणखी पेलाभर पाणी. कमी पाण्यात घेतलं तर पोटात गोळा होऊन बसतं. पोट फुगलं, वायूही सरकत नाही आणि ओकाऱ्या होत असतील तर घरगुती उपाय करू नका, दवाखान्यात जा.

१५. दिवसभर शेतात उन्हात असतो. काही वेगळी काळजी?

हो, आणि मराठवाड्यात ही सगळ्यात महत्त्वाची काळजी. या औषधावर भूक कमी होते तशी अनेकांची पाण्याची ओढही मंदावते. त्यात उलट्या किंवा जुलाब झाले आणि बाहेर ४१ अंश, तर शरीर कोरडं पडून किडनीला झटका बसू शकतो. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांना किंवा डॅपाग्लिफ्लोझिनसारखी शुगरची गोळी घेणाऱ्यांना धोका आणखी जास्त. तहानेची वाट पाहू नका, तासाला पेलाभर पाणी, ताक किंवा ज्वारीची आंबील प्या. हृदय किंवा किडनीसाठी पाणी मोजून दिलेलं असेल तर डॉक्टरांचं माप पाळा. लघवी गडद पिवळी, कमी होणं, उभं राहताच भोवळ येणं या खुणा. दिवसभरात दोन-तीन उलट्या-जुलाब झाले तर ओआरएस सुरू करा आणि वरच्या दोन्ही गोळ्या व मेटफॉर्मिन त्या दिवशी घ्यायच्या का, ते फोन करून विचारा. अशा दिवशी दुखणं म्हणून डायक्लोफिनॅक घेऊ नका, किडनीवर दुहेरी मार पडतो.

१६. इंजेक्शन सुरू झाल्यापासून हात थरथरतात, घाम येतो. औषध सोसत नाही का?

बहुधा साखर खाली गेली आहे, आणि दोष सोबतच्या गोळीचा आहे. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असलेल्या गोळ्या आणि इन्सुलिन, हे साखर कितीही असली तरी खाली ओढतात. त्यात तुम्ही जेवण निम्मं केलं. म्हणून इंजेक्शन सुरू करतानाच डॉक्टर या गोळ्यांचा डोस सहसा कमी करतात. तसं झालं नसेल तर आजच विचारा. एका गोळीत दोन-तीन औषधं एकत्र असतात, तेव्हा पाकीट दाखवून विचारलेलं बरं.

थरथर होताच ग्लुकोमीटरवर तपासा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून कमी असेल तर पुन्हा घ्या. पेढा किंवा बर्फी नको, तुपामुळे साखर उशिरा चढते. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

१७. माझ्या गोळीत विल्डाग्लिप्टिन आहे. सोबत चालू ठेवू?

ग्लिप्टिन गटातली औषधं, म्हणजे विल्डाग्लिप्टिन, सिटाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन, शरीरातलं जीएलपी-१ मोडू न देण्याचं काम करतात. बाहेरून त्याचीच ताकदवान नक्कल घेत असताना त्यांचा वेगळा फायदा उरत नाही, फक्त खर्च होतो. डॉक्टर त्या सहसा बंद करतात. मेटफॉर्मिन मात्र बहुतेकांची चालू राहते.

१८. वडिलांचं इन्सुलिन आता बंद करू का?

स्वतःहून अजिबात नाही. डोस हळूहळू कमी होऊ शकतो, काहींचं सुटतंही, पण रोजच्या आकड्यांवर नजर ठेवून. जुना मधुमेह असेल आणि स्वादुपिंड थकलेलं असेल तर इन्सुलिन अचानक बंद केल्याने रक्तात आम्ल साचून जीवघेणी अवस्था येते.

१९. पोट दुखतं. नेहमीची अॅसिडिटी आणि धोका यात फरक कसा ओळखायचा?

बेंबीच्या वर सुरू होऊन पाठीत घुसणारी, थांबत नसलेली जोराची कळ आणि ओकाऱ्या म्हणजे स्वादुपिंडाची सूज असू शकते. उजव्या बरगडीखाली, विशेषतः जेवणानंतर दुखणं, ताप किंवा डोळे पिवळे होणं म्हणजे पित्ताशयातले खडे. वजन भराभर उतरताना खडे होण्याची शक्यता वाढतेच. दोन्हींत पुढचं इंजेक्शन थांबवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा, रात्र काढू नका. तिथे गेल्याबरोबर इंजेक्शनचं नाव सांगा. स्वादुपिंडाची सूज ठरली तर हे औषध पुन्हा सुरू करत नाहीत.

२०. याने डोळे जातात असं ऐकलं.

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधुमेहाने पडदा आधीच खराब असेल आणि साखर एकदम झपाट्याने खाली आली, तर पडद्याचा त्रास काही काळ वाढू शकतो. म्हणून सुरू करण्याआधी बुबुळात थेंब घालून पडद्याची तपासणी करून घ्या. दुसरी, डोळ्याच्या नसेचा रक्तपुरवठा अचानक अडणं. युरोपच्या औषध नियंत्रकांनी २०२५ मध्ये सेमाग्लुटाइडसाठी याची नोंद अतिदुर्मिळ दुष्परिणाम म्हणून घेतली. दहा हजारांत एकापर्यंत. एका डोळ्याची नजर अचानक गेली किंवा अंधारली तर त्याच दिवशी डोळ्याचे डॉक्टर.

२१. केस गळायला लागले, गाल बसले.

केस बहुधा झपाट्याने वजन उतरल्यामुळे गळतात. बाळंतपणानंतर किंवा मोठ्या तापानंतर गळतात तसेच, आणि काही महिन्यांत परत येतात. हिमोग्लोबिन, बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या, प्रथिनांसाठी प्रश्न १३. बसलेले गाल परत भरून आणणारी क्रीम नाही.

२२. सुईची भीती वाटते. गोळी चालेल का? थायरॉइडची गोळीही उपाशीपोटीच असते.

सेमाग्लुटाइडची गोळी चालते, पण नियम कडक आहेत. उठल्यावर उपाशीपोटी, जास्तीत जास्त अर्धा कप म्हणजे १२० मि.ली. साध्या पाण्याबरोबर अख्खी गिळायची. तोडायची नाही, चावायची नाही. त्यानंतर निदान अर्धा तास चहा नाही, पाणी नाही, दुसरी गोळी नाही. हे औषध आतड्यात नाही तर जठरात शोषलं जातं आणि जास्त पाण्यानेही वाया जातं. घोटभर चहा घेऊन गोळी खाल्ली तर महिन्याचे पैसे पाण्यात. सुरुवात ३ मि.ग्रॅ. महिनाभर, मग ७, गरज पडली तर १४.

थायरॉक्सिनची गोळी सोबत गिळू नका. आधी ही, मग तासाभराचं अंतर ठेवून ती, किंवा थायरॉक्सिन रात्री जेवणानंतर तीन तासांनी, असा काहीतरी क्रम डॉक्टर ठरवून देतात. क्रम बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करा.

२३. पाळणा लांबवायच्या गोळ्या चालू आहेत. काही अडचण?

टिर्झेपटाइडवर आहे. जठर संथ झाल्याने या गोळ्यांचं शोषण कमी होतं. सुरू केल्यावर चार आठवडे आणि प्रत्येक डोसवाढीनंतर चार आठवडे निरोधही वापरावा किंवा तांबी बसवावी. शिवाय वजन उतरल्यावर पीसीओडी असलेल्या मुलींची पाळी नियमित होऊन दिवस राहण्याची शक्यता वाढते, आणि हे कुणी आधी सांगत नाही. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड निदान दोन महिने आधी बंद करावं लागतं. दिवस राहिल्याचं कळताच थांबवा आणि डॉक्टरांना कळवा. अंगावर पाजत असताना टाळतात.

२४. नवरात्राचे नऊ दिवस उपवास असतो. रोजे ठेवले तर?

इंजेक्शन एकटं किंवा मेटफॉर्मिनबरोबर असेल तर उपवास बहुधा निभतो. प्रश्न १६ मधल्या गोळ्या किंवा इन्सुलिन असेल तर वेळ आणि डोस आधी बदलून घ्यावेच लागतात. उपवासाचा खरा घोळ साबुदाणा. भूक नसताना वाटीभर खिचडी म्हणजे नुसती पिष्टं, तेल आणि मग करपट ढेकर. त्यापेक्षा थोडी भगर, दही, शेंगदाणे, राजगिरा, दूध. रोज्यात इफ्तारला तळलेलं टाळा आणि इफ्तारपासून सहरीपर्यंत पाणी वाटून प्या. नवरात्र किंवा रमजान तोंडावर असताना औषध सुरू करू नये, डोसही वाढवू नये. एक महिना आधी बसवून घ्या. निर्जळी उपवास मात्र आम्ही कुणालाही सुचवणार नाही.

२५. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे. रात्रीपासून उपाशी राहिलो की झालं ना?

पुरेसं नाही. या औषधावर रात्रीचं अन्न सकाळीही जठरात असू शकतं, आणि भूल दिल्यावर ते वर येऊन फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. ऑपरेशन ठरताच भूलतज्ज्ञांना औषधाचं नाव, डोस आणि शेवटच्या इंजेक्शनची तारीख सांगा. ते आदला दिवस फक्त पातळ पदार्थांवर ठेवतील किंवा एक डोस पुढे ढकलतील. एंडोस्कोपीलाही हेच लागू. लपवू नका.

२६. हवं तेवढं वजन उतरलं. आता बंद?

औषध बंद केल्यावर वर्षभरात, उतरलेल्या वजनाच्या सरासरी दोन-तृतीयांश परत आल्याचं सेमाग्लुटाइडच्या पाठपुराव्यात दिसलं. भूक परत येते, कारण ती औषधाने दाबलेली असते. बीपीची गोळी बंद केली की बीपी वाढतं, तसंच हे. म्हणून सुरू करण्याआधीच घरात बसून हिशेब करा: दोन वर्षं परवडणार आहे का? सहा महिने घेऊन सोडणं सगळ्यात महाग पडतं. पैसे जातात, स्नायू जातो, आणि परत येते ती बहुतेक चरबी. थांबवायचंच असेल तर डॉक्टरांशी बोलून डोस उतरवत, प्रथिनं आणि व्यायाम पक्का झाल्यावर. साखर दर आठवड्याला पाहत राहा.

२७. खर्च किती येतो? स्वस्तात ऑनलाइन मिळतं ते घेऊ का?

मार्च २०२५ मध्ये टिर्झेपटाइड भारतात आलं तेव्हा २.५ मि.ग्रॅ.ची कुपी ३,५०० रुपयांना आणि ५ मि.ग्रॅ.ची ४,३७५ रुपयांना होती. महिन्याला चार कुप्या, म्हणजे १४,००० ते १७,५००. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची भारतातली मुदत मार्च २०२६ ची. त्यानंतर भारतीय कंपन्यांना वाट मोकळी झाली आणि भाव हलते झाले. डॉक्टरांना थेट विचारा: "याच औषधाचं स्वस्त, मान्यताप्राप्त नाव कोणतं?" असं विचारण्यात कमीपणा नाही.

पण व्हॉट्सअॅपवर किंवा जिममध्ये मिळणारी भुकटीची कुपी घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये बनावट सेमाग्लुटाइडबद्दल जगभर इशारा दिला होता. बनावट पेनात कधी काहीच नसतं, कधी इन्सुलिन असतं, आणि उपाशी माणसाला ते पोचलं तर जीवावर बेततं. पक्कं बिल, खोक्यावर आणि पेनवर एकच बॅच नंबर, मुदत आणि दुकानदाराने फ्रिजमधून काढून दिलेलं औषध, एवढं पाहूनच पैसे द्या. दुपारी कपाटातून काढून दिलं तर परत करा.

२८. नवरा-बायको दोघांनाही हेच औषध आहे. एक पेन वापरून सुई बदलली तर?

नाही. टोचताना रक्ताचा अंश सुईतून पेनच्या आत ओढला जाऊ शकतो, सुई बदलली तरी तो आतच राहतो. कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्ही असे पसरतात. दोघांची दोन पेनं, प्रत्येकावर नावाची चिकटपट्टी.